किल्लीभोवतीची तार

वजनकाट्यावरची बाई कुणाचं ऐकून घेत नसे. भरलेली गाडी वजनाला तिरकी लागली, की ती खिडकीतूनच खेकसायची, "सासुरवाडीला आलायस का? मागं घे!" आणि दांडगे दांडगे ड्रायव्हर मुकाट गाडी मागं घ्यायचे. वजन कॉम्प्युटरवर चढवायचं, छापील पावती हातात द्यायची, हे तिचं काम. कारखाना बंद पडल्यापासून नवरा घरी होता, सासूचं तोंड तेवढं चालू होतं. चूल पेटायची ती या खुराड्याएवढ्या खोलीच्या जिवावर.

एक गोष्ट मात्र तिच्या घशात अडकून बसली होती. वजनाचा प्रोग्राम चालायला कॉम्प्युटरच्या मागं बोटाच्या पेराएवढी, पेनड्राइव्हसारखी किल्ली खुपसलेली लागते. दुसऱ्या कुठल्याशा काट्यावर तशी किल्ली चोरीला गेल्याचं शेठच्या कानावर आलं. त्यानं त्याच दिवशी किल्लीला तारेचे वेढे घातले, तार टेबलाच्या पायाला आवळली, वर शिशाचं सील ठोकलं आणि ड्रायव्हर लोकांच्या देखत म्हणाला, "सील तुटलं की नोकरी गेली." खोलीत दिवसभर बसणारी ती एकटी. बोट कुणाकडे होतं ते कुणीही सांगितलं असतं.

त्या सकाळी तिनं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर आलं, अपडेट सुरू आहे, बंद करू नका.

"तुला कुणी सांगितला होता हा उद्योग?" ती पडद्यालाच म्हणाली.

अपडेट झालं आणि पडदा काळा पडला. मधे ठिपक्यांचं चक्र, घाण्याला जुंपल्यासारखं गरगर. बटण दाबून धरून तिनं मशीन बंद केलं, परत चालू केलं. पुन्हा तेच. बाहेर रांग लागली, हॉर्न बोंबलायला लागले. सगळ्यात पुढं बर्फाची गाडी, खालून धार लागलेली.

"ताई, मी बर्फ विकायला निघालोय, पाणी नाही!"

"मग पिऊन टाक!"

तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मागं काय काय लावलंय?" त्यानं विचारलं.

"प्रिंटर, काट्याची वायर, किल्ली."

"सगळं उपटा आणि चालू करा. अपडेटनंतर मशीन कधीकधी असल्या वस्तूपाशी अडतं. चालू झालं की परत लावा."

प्रिंटर काढला, काट्याची वायर काढली. चक्र काही थांबेना. राहिली किल्ली. शेठला फोन लावला, उचलेना. परत लावला, कापला. कापला म्हटल्यावर तिच्या टाळक्यात सणक गेली.

"बर्फवाले, पक्कड आहे का?"

पक्कड खिडकीतून आत आली. तिनं टेबलाखाली वाकून तार अशी कचकन तोडली, जणू शेठची मानच हाती आली होती. किल्ली उपसली, बटण दाबलं. चक्र थोडं फिरलं आणि पडदा उजळला. सगळं जागच्या जागी लावून तिनं बर्फवाल्याची पावती काढली. रांग हलली.

तेवढ्यात शेठ आला. बघतो तर तार लोंबतेय.

"कुणाला विचारून तोडली?"

"फोन कुणी कापला?"

"उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या कशाला?" ती उठली. "बसा. मागं खडीच्या गाड्या आहेत."

शेठ बसला. एका बोटानं इथं दाबलं, तिथं दाबलं. खडीवाल्याचं वजन पडद्यावर आलं, पावती काही येईना. मागचा हॉर्नवर हात ठेवूनच बसला. खडीवाला खिडकीतून म्हणाला, "शेठ, बाईला बसवा, नाहीतर आम्ही पुढच्या काट्यावर चाललो."

शेठनं खुर्ची सोडली. "बस. मघाचं सोड."

ती दारातच उभी. "सोडत नाही. मी चोर आहे का?"

"असं कुठं म्हणालो मी?"

"यांच्या देखत तार बांधलीत. यांच्या देखतच सांगा."

शेठनं खिडकीकडं पाहिलं. बाहेर माना उंचावलेल्या. "नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं. त्या मागच्या गाडीपर्यंत गेलं नाही."

"चोर नाहीस, बाई!" शेठ खेकसला.

ती आत आली, ती तार गोळा करून त्याच्या हातात कोंबली आणि बसली. राग काही उतरला नव्हता. खडीवाल्याची पावती छापून तिनं खिडकीतून जवळजवळ फेकलीच. "नुसता बघतोयस काय? गाडी काढ!"