थंडोबा आणि उघड्या विंग्ज

फ्रीज दुरुस्त करणाऱ्या माणसाचं खरं नाव कोण लक्षात ठेवतंय? सगळा भाग त्यांना थंडोबा म्हणतो, आणि तेही या नावाला खुशाल ओ देतात. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या फ्रीजमध्ये डोकं घालून काढलीत. कोणाकडे मागच्या आठवड्यातलं दूध आहे, कोण डाएटच्या गप्पा मारून भाजीच्या कप्प्यात केक दडवतं, सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्या पोटात काही राहत नाही म्हणून आता सगळ्यांनाच ठाऊक, तो भाग वेगळा.

दुरुस्ती झाली की प्रवचन ठरलेलं. "झाकण ठेवा, बाई, झाकण! आत पंखा फिरतो. तो पदार्थातलं पाणी शोषून घेतो. उघडं ठेवाल तर दोन दिवसांत लाकूड होईल." त्यांच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये तर अर्ध्या लिंबालाही टोपी असते.

असा हा गार डोक्याचा माणूस तीन महिन्यांपासून कोपऱ्यावरच्या नव्या रेस्टॉरंटवर खार खाऊन होता. कारण एकच, लेक. लेक आणि जावई दोन गल्ल्या सोडून राहतात. लग्नाला सहा वर्षं झाली, पण रविवार संध्याकाळ आई-बाबांकडेच. मग हे रेस्टॉरंट उघडलं, तिथल्या तिखटजाळ चिकन विंग्जची जावयाला चटक लागली, त्याच्यामागून लेकीलाही, आणि रविवार गेला तो गेलाच. "बाबा, पुढच्या वेळी नक्की हं," असं लेक फोनवर म्हणायची तेव्हा मागून काटेचमच्यांचा आवाज यायचा.

"पोरंच ती, जाऊ दे," असं थंडोबा म्हणायचे. आणि रविवारी सात वाजले, की जिन्यात पाऊल वाजलं रे वाजलं, टीव्हीचा आवाज कमी करायचे.

शेवटी त्यांनी कंबर कसली. "विंग्जच हव्यात ना? घरी करतो!"

"तुम्ही?" बायको म्हणाली. "तुम्हाला चहा उतू जाताना दिसत नाही, अहो."

सॉस पहिल्याच दिवशी जमला. लोणी, लाल तिखट, लसूण, व्हिनेगर, चमचाभर मध. शेजारणीने बोट बुडवून चाखला आणि वाटी मागितली. पण विंग्ज! कातडी अशी लिबलिबीत, की जणू पावसात भिजलेला मोजा. दुसऱ्या खेपेला पीठ जास्त लावलं, तर पीठ कढईत आणि विंग नागडी. तिसऱ्या खेपेला तेल असं तापवलं, की बाहेरून कोळसा आणि आत कच्चं. बायकोने तो घास ताटाच्या कडेला नीट मांडून ठेवला.

"काही बोलू नकोस," थंडोबा म्हणाले.

"मी कुठे बोलतेय? मी चावतेय अजून."

आणि इतकं होऊनही ह्यांनी उसनं अवसान आणून लेकीला फोन केला. या रविवारी या, विंग्ज करतोय. लेक जरा घुटमळली. "येतो ना बाबा, सातला येतो. पण आठचं टेबल सांगून ठेवलंय तिकडे, यांचं हे आधीच ठरलेलं असतं." म्हणजे हातात तास एक. फोन ठेवताना थंडोबांचा चेहरा पार उतरला होता.

शुक्रवारी सकाळी बोलावणं आलं ते नेमकं त्याच रेस्टॉरंटमधून. फ्रीज घरघरतोय, लगेच या. शत्रूच्या गोटात शिरायची अशी संधी कोण सोडतो? पेटी घेऊन थंडोबा निघाले. पंख्यात बर्फ अडकला होता, अर्ध्या तासाचं काम. पण दार उघडलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. जाळ्यांवर ओळीने मांडलेल्या शेकडो कच्च्या विंग्ज, सगळ्या उघड्या! ना झाकण, ना कागद.

"हे काय हो, शेफबाई? एवढं मोठं रेस्टॉरंट, आणि झाकणं घ्यायला होत नाही? पंखा सगळं पाणी शोषून घेईल!"

शेफबाई लसूण सोलत होत्या. ठेंगण्या, पण आवाज खणखणीत. "मग घेऊ दे की, काका! त्यासाठीच तर ठेवल्यात. मीठ लावून रात्रभर सुकवायच्या. कातडी ओली राहिली तर कुरकुरीत कशी होणार? मग एकदा मंद तेलात, थोड्या निवल्या की पुन्हा कडक तेलात."

थंडोबा उघड्या दारासमोर तसेच उभे राहिले. पंखा पाणी शोषतो, हे गावाला सांगण्यात एकतीस वर्षं गेली. आणि स्वतःच्या विंग्ज मात्र तीनही वेळा डब्यात घालून, वर गच्च झाकण लावून ठेवल्या होत्या!

"दार लावा काका, गारवा जातोय," शेफबाई म्हणाल्या. फ्रीजवाल्यालाच हे ऐकून घ्यायची वेळ आली!

शनिवारी संध्याकाळी त्यांनी विंग्ज पुसून, मीठ चोळून जाळीवर मांडल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. बायको मागेच उभी.

"झाकण?"

"नको."

"ताप आहे का तुम्हाला?" तिने खरंच कपाळाला हात लावला. रविवारी दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यापर्यंत बातमी गेली होती.

सातला लेक-जावई आले. जावई नवा शर्ट घालून, घड्याळाकडे बघत. मंद तेलात एकदा तळून झाल्या होत्या; कडक तेलात दुसऱ्यांदा पडल्या तेव्हा साडेसात वाजले. तेल तडतडलं, विंग्ज सोनेरी झाल्या आणि थंडोबांनी त्या सॉसच्या पातेल्यात टाकून अशा उडवल्या की एक गॅसच्या मागे गेली. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

जावयाने पहिला चावा घेतला. कुर्रर्र! तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. थंडोबा झारा हातात घेऊन दारात. जावयाच्या डोळ्यांत पाणी, कान लाल.

"तिखट झालं का फार?"

जावयाने नाही अशी मान हलवली आणि दुसरी उचलली. मग तिसरी. लेक तर हाड चोखत बसली होती, कोपरापर्यंत सॉस.

"अगं, आठला दहा कमी," आईने आठवण करून दिली. ती बाईही कशी बघा, मुद्दामच!

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटाकडे पाहत होता.

"आई, माझा फोन घे आणि त्यांना सांग, टेबल दुसऱ्या कोणाला द्या," लेक म्हणाली. "आणि बाबा, पुढच्या रविवारी जरा जास्त करा हो. आज मला पाचच मिळाल्यात, यांनी नऊ खाल्ल्या."

"आठ!" जावई पहिल्यांदा बोलला.

थंडोबा आत वळले आणि गॅस मोठा केला. नाक ओढल्याचा आवाज आला खरा, पण तिखटाची वाफच तेवढी होती, असं त्यांचं म्हणणं आहे.