शेवटच्या गाण्यानंतरच्या टाळ्या

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. पण त्याच शिक्षणाने मला एक खोड लावली: न कळलेलं कळलं म्हणायची. लेक्चर इंग्रजीतून व्हायचं, सर विचारायचे, समजलं का? सगळ्यात आधी माझी मान हलायची.

ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडजवळच्या मॉसन लेक्सला मास्टर्स करताना माझा रूममेट नागपूरचा होता. त्याला एका स्वीडिश इंडी रॉक बँडचं वेड. चौघं जण, कुठल्याशा छोट्या गावातले, पहिला अल्बम शाळेच्या तळघरात रेकॉर्ड केलेला. त्यांच्या बातम्या तो घरच्यासारख्या सांगायचा. कांदा चिरता चिरता म्हणायचा, "अबे, आपला ड्रमर बाप झाला." दुसरा अल्बम गाजला तेव्हा त्याने खीर केली. तिसरा पडला तेव्हा दोन दिवस धड बोलला नाही.

"स्वीडनवाले तुझे मामा लागतात काय रे?"

"मामा नागपूरहून इथं येणार नाही बे. हे येऊन राहिले, अ‍ॅडलेडला. दोन तिकिटं काढली."

माझी परीक्षा तीन दिवसांवर होती. "आधी डिग्री," मी म्हटलं. तो एकटाच गेला. तिथून त्याने शेवटचं गाणं फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवलं. मी ते उघडलंच नाही.

परीक्षा झाल्यावर एका सकाळी त्याने विचारलं, "ऐकलं का बे?"

"ऐकलं ना. भारी!"

"अन् शेवटी मी काय ओरडलो ते?"

"हो तर! हसून हसून मेलो."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कपात चहा ओतला.

पुढे मी दूर पश्चिमेला, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत नोकरीला लागलो. शिफ्ट संपली की त्याचा फोन यायचा. गिटारवाला सोडून गेला. चौथा अल्बम तिघांनीच केला. मग बँड फुटला. दोन वर्षं त्याने एकही बातमी चुकवली नाही. नंतर तो गेला. साधा रस्ता, भरदुपारी, कार उलटली.

मी तीन फोन बदलले. प्रत्येक नव्या फोनवर ते रेकॉर्डिंग घेतलं, आणि तसंच ठेवलं. त्यात त्याचा आवाज होता. तो ऐकला की संपला, असं वाटायचं.

यंदा ते तिघं पुन्हा एकत्र आले. बातमी मी स्वतः वाचली, पण कानात आली ती त्याच्याच आवाजात: "अबे, आपले लोक आले परत." पर्थला शो होता. रजा टाकून मी सकाळीच निघालो. दोन्ही बाजूंना लाल माती, सरळसोट रस्ता. अर्ध्या वाटेत मी ते लावलं.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. गाणारा थँक यू म्हणाला. मी कान देऊन बसलो. टाळ्या विरल्या, पायांचे आवाज आले, रेकॉर्डिंग संपलं.

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. तो काहीच ओरडला नव्हता.

म्हणजे त्या सकाळीच त्याला कळलं होतं. आणि तरी दोन वर्षं तो मला फोन करत राहिला.

मी गाडी कडेला घेतली. शेजारची सीट रिकामी होती. तिच्याकडे बघून म्हटलं, "नव्हतं ऐकलं रे."

गाडीत ते गाणं आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.