फाट्यावर मी थांबलो नव्हतो

आधीच सांगून टाकतो. आमच्या लालबागच्या चाळीत कोणा बाईच्या अंगात आलं, की "गेलेलं पाणी कधी येणार ते विचारा देवीला" असं ओरडून आईच्या हातचा फटका खाणारा पोरगा म्हणजे मी. भूतखेत, बाहेरचं, वाटेतलं… माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं नाही. पण गेल्या हिवाळ्यापासून मी चिडलोय, आणि ज्याच्यावर चिडलोय त्याला नाव नाही, पत्ता नाही, तोंडही नाही. आवाज आहे फक्त. तोही माझा!

सत्तेचाळिसाव्या वर्षी मला ग्रॅव्हल बाईक घ्यायची बुद्धी झाली. म्हणजे जाड टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारख्या हँडलची सायकल, मातीच्या नि मुरमाच्या रस्त्यांवर चालवायची. पहिल्याच रविवारी सिग्नलला बूट पेडलच्या क्लिपमधून सुटेना आणि मी उभाच्या उभा आडवा झालो, मसाला कांडायला आलेल्या बायकांच्या पुढ्यात. एक म्हणाली, "शिकताय का अजून? पोराला धरायला सांगा की मागनं."

माझं बघून सुध्यानेही तसलीच सायकल घेतली. सुध्या म्हणजे सुधीर, समोरच्या खोलीतला. त्याचं दार आणि माझं दार यांच्यामध्ये फक्त पॅसेज, आणि तेही जन्मापासून. महिन्यातून एकदा आम्ही त्याच्या गाडीच्या टपावर सायकली बांधून डोंगरात जायचो. हॉर्न नाही, सिग्नल नाही, दोन तासांत एखादी एसटी लांबून दिसली तर दिसली. मोबाईलला रेंजही नाही, म्हणून आमचा एकच नियम होता: पुढच्याने फाट्यावर थांबायचं. मागचा नजरेत आला की मगच पेडल मारायचं. नियम मीच केलेला. मीच पुढे असायचो ना!

त्या शनिवारी घोटीवरून आत शिरलो, राजूरच्या अलीकडे गाडी लावली आणि धरणाच्या मागच्या अंगाने जाणारा कच्चा रस्ता धरला. सकाळचे साडेनऊ. लख्ख ऊन. एका चढावर सुध्या धापा टाकत म्हणाला, "नंद्या, एक सांगायचं होतं… खोली दिली मी. पुढच्या महिन्यात बदलापूरला जातोय."

"कोणाला दिलीस?"

"आहे एक पार्टी. तीन महिने झाले ठरून."

"तीन महिने? आणि रोज सकाळी माझ्याकडे चहा ढोसत होतास तेव्हा तोंडात काय, पेढा होता?"

"तू असा भडकशील म्हणूनच बोललो नाही रे. वैशालीला गुडघ्यामुळे जिने होत नाहीत आता."

"वहिनीचं नाव पुढे करू नकोस! पळपुटा साला."

त्याने काहीतरी उत्तर दिलं, मी ऐकलं नाही. खालचा गिअर टाकायच्या ऐवजी रागात वरचा टाकला, चेन खडखडली, तरी तसाच मारत सुटलो. तो मागून ओरडला, "फाट्यावर थांब रे!" फाटा आला. मी थांबलो नाही. माझा राग जिरवायचा होता म्हणा, त्याची जिरवायची होती म्हणा… मी उजवीकडे वळून चार किलोमीटर पुढच्या वाडीत गेलो. तिथे शाळेच्या पायरीवर बसलो, समोरच्या घरातल्या आजीने चहा दिला, आणि सुध्या आला की त्याला काय काय सुनवायचं याची मी मनात उजळणी करत राहिलो. एकेक वाक्य असं जमलं होतं!

तो आलाच नाही. पाऊण तासाने मी शिव्या घालत परत फिरलो.

फाट्यावर धुळीत त्याच्या टायरचा माग डावीकडे गेलेला. डावीकडचा रस्ता म्हणजे जुनी बंद पडलेली वाट, पुढे वळणावर अर्धी खचलेली. तिथे सायकल पडली होती. खाली बघितलं तर दहा-बारा फुटांवर, करवंदीच्या जाळीला अडकून सुध्या एका खडकाच्या कडेवर बसलेला, डावा पाय नको त्या बाजूला वळलेला. त्या कडेच्या खाली सरळ दरी. आणि तो वर बघून अगदी शांतपणे काय म्हणाला असेल?

"मिळाला का दोर? लवकर आलास रे."

मला वाटलं डोक्याला मार लागलाय. "हलू नकोस," मी ओरडलो.

"किती वेळा सांगशील? नाही हलत!"

मी सायकल मारत परत वाडीत गेलो, तिथली माणसं खरोखरचा दोर घेऊन आली, त्याला वर काढलं, जीपमधून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले पाय दोन ठिकाणी मोडलाय, पण हलला असता तर पायापर्यंत गोष्टच आली नसती. वैशाली वहिनी रात्रीपर्यंत पोचल्या आणि माझे दोन्ही हात धरून रडल्या. "भावोजी, तुम्ही होतात म्हणून. सगळं सांगितलं ह्यांनी. तासभर वरून बोलत बसलात, झोपू दिलं नाहीत, हलू दिलं नाहीत."

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. चाळीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला. सत्यनारायणाच्या पूजेला मंडळाने शाल आणि नारळ दिला. मी घेतला! वर माईक हातात घेऊन मैत्रीवर चार शब्दही ठोकले. इतका निर्लज्ज माणूस तुम्ही पाहिला नसेल.

पण सुध्या काय काय सांगत होता ते ऐकून माझं डोकं फिरायला लागलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो पडल्यावर दोन मिनिटांत मी वर आलो. वर उन्हाची तिरीप होती, चेहरा दिसला नाही, पण आवाज माझा, शिव्या माझ्या. "मेल्या, हललास तर खाली येऊन थोबडवीन." मग मी म्हणे म्हणालो, "जा तू बदलापूरला खुशाल. वहिनीचे गुडघे आधी. मला राग नाही." आणि मग हॅलोजनची गोष्ट सांगितली.

आठवीत असताना गणपतीच्या मांडवातला हॅलोजन बॉलने मी फोडला होता, आणि सुध्याच्या बाबांना नाव सुध्याचं सांगितलं होतं. त्याने पट्ट्याने मार खाल्ला. चुगली कोणी केली ते त्याला कधीच कळलं नाही. मी बायकोला सांगितलं नाही, आईला नाही, कोणालाच नाही. आता सुध्या प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून हसत होता, "तेहतीस वर्षं पोटात ठेवलंस रे भडव्या. बरं झालं बोललास."

मी बोललो नव्हतो! माझी माफी, माझी चुगली, माझा निरोप… सगळं कोणीतरी परस्पर वाटून मोकळा झाला होता. आणि सगळं माझ्यापेक्षा बरं.

शेवटी शालीचं ओझं झालं. एका दुपारी मी सुध्यासमोर सायकलचा छोटा कॉम्प्युटर ठेवला. त्यात त्या दिवशीचा सगळा प्रवास नोंदलेला होता. फाट्यावर शून्य सेकंद थांबा. मग चार किलोमीटर पुढे, शाळेपाशी, चव्वेचाळीस मिनिटं. "तो मी नव्हतो, सुध्या. मी तुला टाकून गेलो होतो. त्या डाव्या वाटेवर धुळीत तुझ्या टायरशिवाय दुसरा माग नव्हता, पाऊलही नव्हतं. मी नीट बघितलंय."

मला वाटलं तो घाबरेल. विचारेल, मग कोण होतं? त्याने स्क्रीनवरून नजर काढलीच नाही.

"म्हणजे तू थांबला नव्हतास," तो म्हणाला.

"अरे पण मग तो आवाज…"

"तू थांबला नव्हतास. जा आता."

भुताचं त्याला काहीच वाटलं नाही.

इथे खाली कमेंट लिहिणारे म्हणतील भास झाला, मार लागला, मेंदू असं करतो. मीही तेच म्हटलं असतं. मग हॅलोजनचं काय? जे त्याच्या मेंदूत नव्हतंच, ते त्याच्या मेंदूने कुठून काढलं? मी परत त्या वाडीत जाऊन चहावाल्या आजीला विचारून आलो. ती म्हणाली, "तुमीच तर बसले होते की हितं, तोंड फुगवून." कोणाकडे उत्तर असेल तर द्या. माझ्याकडे नाही.

सामान गेलं त्या दिवशी सुध्या कुबडीवर पॅसेजमध्ये उभा होता. दाराला कुलूप घातलं, किल्ली नव्या माणसाच्या हातात दिली. मी माझ्या उंबऱ्यात. पूर्ण महिन्यात तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. जिन्यापाशी थांबला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथे जो माझ्यापाशी बसला होता ना… भेटला कधी तर सांग त्याला. येतो म्हणावं."