पांढऱ्यासाठी करडई

गंगाखेडच्या आमच्या कचेरीच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं नाव मी कधी विचारलं नाही. घाण्यावरचं करडईचं तेल तो बाटलीत भरून महिनाभर उन्हात ठेवायचा आणि पांढरा रंग त्यातच घोटायचा. बाकीच्या रंगांना जवसाचं तेल. "जवसानं पांढरं पिवळं पडतंय," एवढंच सांगायचा, तेही रंगाकडं बघत. माणसाकडं तो बघायचाच नाही.

हैदराबाद राज्य गेलं आणि कचेरीवर नवी मराठी पाटी लावायचा हुकूम आला. मोठे साहेब चार दिवसांनी पाहणीला येणार होते. मी कारकून, पाटीचं काम माझ्या गळ्यात. पेंटरला म्हणालो, "रंगात थोडं रॉकेल घाला, लवकर वाळेल."

"न्हाई. रॉकेलनं रंगाचा भुगा हुतो. करडईला आठ दिस लागतेत. वलीच लावू."

माझं काही चाललं नाही. पाटी ओलीच चढली.

पाहणीच्या दिवशी साहेबांची जीप वळणावरच थांबली. बघतो तर हा पेंटर रस्त्यात हात पसरून उभा.

"साहेब, हितून पायी चला. गाडीनं धुरळा उडायलाय. पाटी वली हाय."

साहेब खाली उतरले आणि चालत आले. मागून दोन शिपायांनी जीप हळूहळू ढकलत आणली.

पाटी रंगवल्याच्या आठव्या दिवशी तो परत आला. शिडीवर चढून त्यानं एका अक्षराला बोट लावलं, बोट निरखलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं.

"आता येऊ द्या जीप," म्हणाला.