उजवी पाटी, डावी पाटी

माझ्या थोरल्या बहिणीला, गोदाला, मॅट्रिकला संस्कृत घ्यायचं होतं. आम्ही ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या. गोदा सकाळी आईबरोबर बाजारात मासळी विकायची आणि तिथूनच शाळेत जायची. संस्कृतच्या गुरुजींनी नाकाला उपरणं लावलं. "या वासात श्लोक बसायचे नाहीत," म्हणाले. वर्ग हसला. गोदा तडक हेडमास्तरांकडे गेली. "मंग मी फ्रेंच घेनार!" शाळेत फ्रेंच शिकवायला कुणी नव्हतं. म्हणूनच घेतलं असणार, हट्टी मेली!

चर्चजवळच्या फिलोमिनाबाईंनी तरुणपणी मुंबईत एका फ्रेंच कुटुंबाची मुलं सांभाळली होती. त्या शिकवायला तयार झाल्या. आईची अट एकच होती, "बाजार चुकवायचा नाय गो." मग क्रियापदं बाजारातच पाठ व्हायला लागली. 'झ स्वी' म्हणजे मी आहे, 'त्यू ए' म्हणजे तू आहेस. गिऱ्हाइकाला हाक मारायच्या चालीवर गोदा ती खणखणीत म्हणायची.

नामांनी मात्र जीव खाल्ला. फ्रेंचांचं पुस्तक पुरुष, टेबल बाई, आणि नपुंसक कुणीच नाही! शेवटी गोदाने मासळीच्या पाट्याच कामाला लावल्या. उजव्या पाटीत बोंबील, डाव्या पाटीत कोळंबी. 'लिव्र', म्हणजे पुस्तक, म्हणताना हात बोंबलांत, 'ताब्ल', म्हणजे टेबल, म्हणताना कोळंबीत. वर्षभर मासळी निवडता निवडता शब्द पक्के झाले, पण हात हलल्याशिवाय एकही आठवेना.

त्रेपन्न साली फ्रेंचच्या पेपराला व्हायचं तेच झालं. तिचा हात उजवीकडे-डावीकडे जाताना पाहून सुपरवायझर धावत आले. "कुणाला खुणा करतेस?"

"पाट्या आठवते, सर. उजवीकडं बोंबील, डावीकडं कोलंबी."

हॉल हसला. पुन्हा तेच हसू.

"हात मांडीखाली घे, नाहीतर बाहेर हो."

हात दाबला तर पेपर कोरा राहणार, बाहेर गेली तर वर्ष जाणार, आणि दोन्हीकडून गुरुजींचंच खरं होणार. शेजारच्या बाकावरची हेमा सांगते, गोदा लालबुंद झाली. उठली, स्वतःचा बाक फरफटत कोपऱ्यात नेला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता करू द्या खुणा. भिंतीला फ्रेंच येत नाय."

सुपरवायझर वेळ संपेपर्यंत तिच्या मागे उभे राहिले. तिचा हात हलत राहिला.

गोदा पास झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिने डोक्यावर भरली पाटी घेतली आणि गुरुजींच्या आळीत शिरली. त्या आळीतून आमच्या बायका तोंड मिटून, भराभर पावलं टाकत जायच्या. गोदा मधोमध उभी राहिली आणि बाजारातल्या आवाजात ओरडली, "झ स्वीऽऽ!"

खिडक्या धडाधड बंद झाल्या. मी तिच्या मागेच होते, घाबरून तिचा पदर ओढत होते. तिने तो सोडवून घेतला आणि पुन्हा ओरडली.