पवळ्याचं पान

विमलाकाकीच्या दाराला लोखंडी जाळी आहे, जाळीला आतून दोन कड्या आहेत, आणि या सगळ्याच्या अलीकडे तिचे तीन प्रश्न आहेत. कड्या कुणीही तोडील, असं ती म्हणते. प्रश्न तोडून दाखवा.

ती आमच्या कोकणातल्या गावची सून. जोगेश्वरी पूर्वेला टेकडीच्या अंगावर चढत गेलेल्या वस्तीत तिची एक खोली आहे. खालच्या रस्त्यावर रिक्षा भांडत असतात, पण तिच्या दारापर्यंत त्यांचा आवाज दमून येतो. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाला, आणि एका पहाटे ड्युटीच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. पोटी मूल नाही. खिडकीशी कमरेएवढी उंच पीठ दळायची घरगुती चक्की उभी आहे, तिच्यावर काकी वडेपीठ आणि भाजणी दळून विकते. चक्की सुरू झाली की भाजलेल्या धण्या-उडदाचा वास पायऱ्या उतरत खाली जातो आणि गिऱ्हाइकाला हाताला धरून वर आणतो. त्या घरघरीवरच तिचं पोट चालतं.

माणूस संशयी असावा तर काकीसारखा. गॅसचं सिलिंडर ती दोन्ही हातांनी हलवून बघते. कोळणीनं बांगडा ताजा म्हटला की तिचे डोळे बांगड्याऐवजी कोळणीकडे लागतात. शेजारची शकु भिंतीला कान लावते, हा तर तिचा जुना सिद्धांत. शकु बीडकडची, तिच्याच वयाची, आणि तोंडानं तिच्याहून पुढची. "तुझ्या घरात असतं काय गं ऐकायला?" ती म्हणायची. "दिवसभर चक्की बोलते, रात्री तू घोरतेस."

पण गाववाला म्हटला की आमच्या माणसाचं मन तव्यावरच्या लोण्यासारखं होतं. हे काकीला स्वतःबद्दलही ठाऊक होतं, म्हणून तर ते प्रश्न. वाडी कुठली? ग्रामदेवीचं तोंड कुठल्या दिशेला? या दोहोंची उत्तरं गावात पाय ठेवलेला कुणीही देईल. तिसरा प्रश्न मात्र घरचा होता. आमच्या गणपतीला एक पान जादा वाढतात, ते कुणाच्या नावानं?

ते पान पवळ्या बैलाचं. काकीचे आजेसासरे एकदा बैलगाडीतून गणपतीची मूर्ती घेऊन येताना नदीच्या लोंढ्यात सापडले. पवळ्यानं त्यांना गाडीसकट या काठावर ओढून आणलं, अंगणापर्यंत चालत आला आणि तुळशीपुढे बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून घरात नैवेद्याची पानं मांडली की एक पान मागल्या दारी जातं. भात, वरण, पाच भाज्या, मोदकसुद्धा. बैलाला मोदक वाढतात म्हणून वाडी हसेल, या लाजेनं घराबाहेर कुणी हे कधी बोललं नाही. बाहेरून आलेल्या सुनेलाही ते पहिल्या गणपतीलाच कळायचं.

श्रावणातल्या एका दुपारी जाळीबाहेर एक पोरगा उभा राहिला. हातात काजूगरांची पिशवी, कपाळाला गंध.

"काकी, वळाकलंस?"

"नाय. आणि वळाकतलय पण नाय. वाडी खंयची?"

त्यानं वाडी सांगितली. देवीचं तोंडही बरोबर दिशेला वळवलं. काकीनं जाळीला नाक लावून तिसरा प्रश्न विचारला. पोरगा जरा थांबला, आणि हळूच म्हणाला, "पवळ्याच्या नावान."

दोन्ही कड्या निघाल्या. नाव सौरभ, म्हणाला. काकीच्या सासऱ्यांच्या चुलत घराण्यातला, बेळगावकडे वाढलेला. काकीनं चहा टाकला, वर घावणे केले. पोरगा खाता खाता खोली न्याहाळत होता. "हर्षददादाचा घर बरा आसा हां," तो म्हणाला. फोन त्यानं मांडीवर उताणा ठेवला होता.

हर्षद म्हणजे काकीच्या दिराचा मुलगा. दहावी करून गावाहून आला तो याच खोलीत वाढला. लग्न झाल्यावर विरारला भाड्यानं गेला, साकीनाक्याला मोबाईल दुरुस्तीचा गाळा घेतला, तो बुडाला, आणि मग त्याचं येणंही आटलं. पण घरच्या माणसापुढे "हे माझं, ते त्याचं" म्हणणं आमच्याकडे हलकं समजतात. काकी पदर सावरून म्हणाली, "तेचाच तर सगळा. ह्यो फ्रीज, ही चक्की, ह्या घर. माझा काय आसा? मी आज आसंय, उद्या नाय."

पोरगा वाकून पाया पडला आणि गेला.

गणपती आठवड्यावर आलेले असताना जाळी पुन्हा वाजली. या खेपेला दाराशी पिकल्या केसांचा एक माणूस होता, आणि त्याच्यामागे दोन हमाल.

"मावशी, कोर्टातून आलोय. मी बेलीफ, भाऊराव."

"गाव खंयचा?"

"माझं? परभणीकडचं."

"मग माझे प्रश्न तुझ्या कामाचे नाहीत. ओळखपत्र दाखव."

त्यानं ते जाळीला टेकवून धरलं. काकीनं चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "फोटोत मिशी आहे. तुझी कुठे गेली?"

"बायकोनं काढायला लावली."

"बायकोला फोन लाव."

भाऊराव हसला नाही. त्यानं खरोखर फोन लावला आणि जाळीजवळ धरला. पलीकडून एक बाई आधी त्याच्यावर ओरडली, मग मिशीवर. तशी खरी बाई कुणाला भाड्यानं मिळत नाही, एवढं काकीला पटलं. तरी कडी तिनं एकच काढली.

"हर्षद घाडीनं फायनान्स कंपनीचं कर्ज थकवलंय," भाऊराव जाळीतून म्हणाला. "पत्ता इथला दिलाय. त्याच्या सामानावर जप्ती आहे. दार उघडा, मावशी, मी कुलूप फोडणारा माणूस नाही."

काकीनं दुसरी कडी काढली. हमाल आत आले, आणि त्यांच्यामागून कंपनीचा माणूस आला. कपाळाला गंध नव्हतं, पण चेहरा तोच होता.

"हा तर आमच्या घरातला!" काकी म्हणाली. क्षणभर तिला वाटलं, आपलं माणूस धावून आलं.

सौरभनं तिच्याकडे पाहिलंच नाही. "ही चक्की, हा फ्रीज," तो बेलिफाला दाखवू लागला.

भाऊरावनं हात वर केला. "थांबा जरा. मावशी, सामान कुणाचं? हर्षद तुमच्यात राहतो का? तो वेगळा असेल, त्याची चूल वेगळी असेल, तर तसं सांगा. मी तुमची हरकत लिहून घेतो. नाहीतर चक्की न्यावी लागेल मला."

काकीचा चेहरा दगड झाला. या माणसाला आपल्याकडून नेमकं हेच का वदवून घ्यायचंय? आमच्याकडे भाऊ मुंबईत असो की मस्कतला, गणपती एक आहे तोवर घर एक. चूल वेगळी म्हटली की गणपती वेगळा आला. जित्याजागत्या माणसाचं पान उचलल्यासारखं ते बोलणं.

"मी असलं काही म्हणणार नाही," ती म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला," सौरभ म्हणाला आणि त्यानं फोन पुढे केला. त्यातून काकीचाच आवाज आला, मागे घावण्याच्या तव्याच्या चर्र आवाजासकट. *तेचाच तर सगळा. ह्यो फ्रीज, ही चक्की...*

हमालांनी चक्कीला हात घातला. फरशीवरून ती अर्धी वीत सरकली. इतक्या वर्षांत हलली नव्हती, म्हणून खाली पिठाचा पांढरा चौकोन उघडा पडला. काकी त्या चौकोनाकडे बघत राहिली. मग वळून तिनं सौरभला विचारलं, अगदी हळू,

"पवळ्याचा तुका कोणी सांगल्यान?"

"काकी, माझं काम आहे हे..."

"ता नको. कोणी सांगल्यान?"

सौरभ भिंतीकडे बघून म्हणाला, "हर्षदनं. म्हणाला, काकी तीन गोष्टी विचारते. उत्तरं दिलीस की दार उघडेल. इथलं सामान उचला, पण माझ्यामागे लागू नका, म्हणाला."

काकीनं पदरानं चक्कीवरचं पीठ पुसलं. ते पुसून झालं तरी ती पुसतच होती.

"लिही," ती भाऊरावला म्हणाली. "हर्षद गोपाळ घाडी. त्याची चूल वेगळी. या घरात त्याचं काही नाही."

"आता म्हणून काय होतं?" सौरभ उसळला. "रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. साक्षीदार आहे का कुणी?"

"आहे की!" भिंतीपलीकडून आवाज आला, आणि आवाजामागोमाग शकु दारात उभी राहिली. "मी शकु. ही म्हणते ना, मी भिंतीला कान लावते? लावते! तो पोरगा लग्न झाल्यापासून इथं एक रात्र राहिलेला नाही. आणि ही चक्की हिनं पाटल्या विकून घेतली. सोनाराकडे सोबत मी होते. सोनारानं वजनात मारलं म्हणून ही तिथं तासभर भांडली. त्या सोनारालाच विचारा, तो हिला जन्मात विसरायचा नाही."

भाऊरावनं सगळं लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. काकीनं ते शकुकडून पुन्हा वाचून घेतलं, तेव्हा सही केली. हर्षदची म्हणून खोलीत एकच वस्तू निघाली, माळ्यावरची क्रिकेटची बॅट. सौरभनं ती नको म्हटली.

"कोर्टात बोलावतील, मावशी," जाताना भाऊराव म्हणाला. "तिथंही हेच सांगा. आणि या बाईंना सोबत आणा."

काकीनं त्याला पाणी विचारलं नाही. परभणीचा माणूस, एवढा भला का वागतो, हे तिला अजून कळलेलं नव्हतं.

गणपतीच्या आदल्या दुपारी जाळीबाहेर हर्षद आला. हातात नारळ, दाढी वाढलेली.

"काकी, दार उघड ना. मी हर्षद."

चक्की थांबली. काकी जाळीशी आली, पण कडीला तिनं हात लावला नाही.

"वाडी खंयची?"

"काकी, मस्करी नको गे..."

"देवीचा तोंड खंय?"

त्यानं सांगितलं.

"आमच्या गणपतीक एक पान जादा वाढतत. ता कोणाच्या नावान?"

"पवळ्याच्या," हर्षद म्हणाला, आणि रडू लागला.

"ता आता फायनान्सवाल्यांका पण ठावक आसा," काकी म्हणाली. "घरचा असशील तर दुसरा कायतरी सांग. माका नि तुकाच ठावक आसा असा."

हर्षद बराच वेळ जाळी धरून उभा राहिला. भिंतीपलीकडे शकुनं श्वास रोखून धरला होता. नारळ उंबऱ्यापाशी ठेवून तो पायऱ्या उतरला.

काकीनं त्याचं पाऊल ऐकू येईनासं होईस्तोवर वाट पाहिली. मग जाळी उघडून नारळ आत घेतला, कानाशी नेऊन हलवून पाहिला, आणि चक्की सुरू केली.