साळवेबाईंचा कॉर्डलेस

साळवेबाई फोन उचलायच्या आणि गप्प राहायच्या. 'हॅलो' नाही, 'कोण' नाही. पलीकडचा माणूस दोन-तीनदा हॅलो हॅलो करायचा, वैतागायचा, शेवटी आपलं नाव सांगायचा, आणि मग इकडून थंडपणे यायचं, "हां. बोला." इमारतीत नवीन असताना पाण्याची वेळ विचारायला मी पहिल्यांदा त्यांना फोन केला तेव्हा मला वाटलं लाईन कटली. मी ठेवून दिला. पाच मिनिटांत बाई जिना उतरून माझ्या दारात हजर. "आत्ता फोन तूच केला होतास ना? मग नाव का नाय सांगितलंस? श्वास ऐकला मी तुझा, आणि खालनं फोन ठेवल्याचा आवाज पण." आमची ओळख झाली ती अशी.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत मी पहिल्या मजल्यावर आणि बाई बरोब्बर माझ्या डोक्यावर. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या, अख्खी नोकरी तिथंच केली. वडील वैजापूरच्या मार्केट यार्डात हमाली करायचे. पोरगी कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसते हे बघायला ते एकदा एसटीनं आले. बाहेरच्या माणसाला आत सोडत नसत, म्हणून फाटकाशी उभे राहून नुसती इमारत बघून परत गेले. हे सांगताना बाई दर वेळी चष्मा पुसायच्या. नवरा लवकर गेला, मुलगा आनंद त्यांनी एकटीनं वाढवला, आणि हा फ्लॅट स्वतःच्या पगारावर घेतला. दारावर पाटी होती, 'श्रीमती सु. रा. साळवे'. खाली आनंदचं नाव घालू का म्हणून पाटीवाल्यानं विचारलं, तर बाई म्हणाल्या, "हप्ते त्यानं भरले का?"

बाईंचा जगात कुणावर भरोसा नव्हता. दुधात लॅक्टोमीटर बुडवून बघायच्या. गॅसवाल्याला सिलिंडर दारातच ठेवायला लावून साबणाचा फेस स्वतः लावायच्या. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हे आवडायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर डोक्यात जायचं. एकदा मी हसले तर म्हणाल्या, "हस, मास्तरीण. मी लई वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं. जोडताना कानावर पडायचं, काय करणार? कुणाचं कुणाला सांगितलं नाय. पण एवढं कळलं, की माणूस लाईनीवर एक असतो आणि लाईन सोडली की दुसराच असतो."

मोबाईल त्यांनी पंधरा दिवस वापरला होता. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्या एका माणसानं त्यांच्याकडे कसला तरी नंबर मागितला. बाईंनी त्यालाच अर्धा तास फैलावर घेतलं: नाव काय, ड्युटी किती वाजता लागली, सुपरवायझरला दे. त्यानं वैतागून फोन ठेवला आणि बाईंनी मोबाईल बंद करून कपाटात टाकला. राहिला तो हॉलमधला जुना तारेचा फोन. तोच त्यांना नडला. स्वयंपाकघरात होत्या, घंटी वाजली, धावत निघाल्या, पायपुसण्यात अंगठा अडकला आणि पडल्या. मनगटाचं हाड मोडलं.

आनंद पुण्याहून आला तो सामान बांधायच्या तयारीनंच. त्याच्या फ्लॅटमध्ये बाराव्या मजल्यावर एक खोली बाईंसाठी तयार होती. बाई म्हणाल्या, "खोली तुझी, पाटी तुझी, मी कोण तिथं? पाहुणी?" दोन दिवस नुसता वाद. तिसऱ्या दिवशी मला वर बोलावलं, साक्षीदार म्हणून. तह झाला होता. आनंद एक कॉर्डलेस फोन घेऊन देणार. तो बाईंनी घरात जातील तिथं जवळ बाळगायचा. चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत आनंदचा फोन तीनदा उचलला गेला नाही, तर मुकाट्यानं पुण्याला जायचं. नाहीतर हा विषय कायमचा बंद. "ऐकलंस ना, मास्तरीण? तीन. तिसऱ्याला मी स्वतः बॅग भरीन. पण तीन म्हणजे तीन, दोनावर जाणार नाय."

फोन आला. तो बसवायला दीड दिवस लागला. माझ्या हिशेबानं वीस मिनिटांचं काम. बाईंनी आधी सगळी पुस्तिका भिंगातून वाचून काढली, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मग माझी परीक्षा घेतली. यात नेहमीचे सेल घातले तर? मी म्हटलं, चालतील की. "शिकवतेस काय तू पोरांना? नेहमीचे सेल चार्ज केले की गळतात, फुटतात. पान चार. जे आलेत तेच घालायचे." पहिलं चार्जिंग सोळा तासांचं होतं. बाई दर तासाला उठून हॅण्डसेटला हात लावून बघत होत्या, फार तापला तर नाही ना. फोनचा बेस, म्हणजे ज्यात हॅण्डसेट उभा राहतो तो डबा, टीव्हीजवळ नको, राऊटरजवळ नको, ओट्याजवळ पाण्यापाशी तर मुळीच नको. शेवटी हॉल आणि झोपायच्या खोलीच्या मधल्या कोनाड्यात जागा ठरली.

मग आवाज कुठवर जातो ते तपासायचं होतं. मला हॅण्डसेट हातात देऊन जिना उतरायला लावलं. मी फाटकापर्यंत जाऊन "येतंय, येतंय" म्हणत होते आणि वर बाल्कनीत बाईंचा चेहरा पडत चालला होता. मी वर आले तर म्हणाल्या, "म्हंजे फाटकात उभ्या माणसाला ऐकू येणार." मी सांगितलं, नाही बाई, डबा आणि हॅण्डसेट यांच्यामधलं बोलणं सांकेतिक होऊन जातं, दुसऱ्याला कळत नाही. "आणि दुसऱ्या कुणी आपला हॅण्डसेट माझ्या डब्याला जोडला तर?" त्याला पिन लागतो, म्हटलं. पिन काय, तर चार शून्यं. बाईंनी पुस्तिका मिटली. "चार भोपळे. अख्ख्या दुनियेला ठाऊक असलेलं कुलूप." पिन बदलताना त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या, वर पदर आडवा धरला. मला राग आला. जोडून द्यायला मी, आणि लपवायचं माझ्यापासून.

जुना फोन मात्र त्यांनी काढू दिला नाही. "लाईट गेली की तुझा हा डबा मेला. तारेतनं एक्स्चेंजची वीज येते, तो चालू राहतो." हे अगदी खरं होतं. तो त्याच लाईनीवर हॉलमध्ये तसाच राहिला, फक्त त्याची घंटी बंद केली. दोन घंट्या एकदम वाजल्या की त्यांना धडधडायचं. जाता जाता मला म्हणाल्या, "एक ध्यानात ठेव. बोलता बोलता आवाज जरा खाली बसला, की समजायचं कुणीतरी दुसरा फोन उचललाय." मी हो हो म्हटलं आणि जेवायला खाली पळाले.

पहिला फोन चुकला तो परतीच्या पावसात. विजा चमकताना फोनच्या दोन्ही वायरी काढून ठेवा, असं पुस्तिकेत होतं. बाईंनी काढल्या. संध्याकाळी आभाळ निवळलं, पण पैठणच्या बाजूला अजून काळं दिसतंय म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या लावल्याच नाहीत. आनंदनं सात वेळा फोन केला आणि शेवटी मला केला. मी वर गेले तर बाई निवांत मेथी निवडत होत्या. "एक," त्या स्वतःच म्हणाल्या. पण पुढे मला हळूच विचारलं, "त्यानं खरंच सात वेळा केला का गं? का आकडा फुगवतोय? त्याला मला न्यायचंच आहे." पोटच्या पोरावरसुद्धा शक. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या वेळी चूक माझी होती. एकदा त्यांनी विचारलं, हवेतली ही लहर अडते कशानं? मी बाईंना, मुलांना शिकवावं तसं, चारी बाजूंनी बंद धातूचा डबा असला की लहर आतबाहेर होत नाही, असं छान समजावून सांगितलं. बाईंनी ते मनावर घेतलं. दुपारी झोपताना त्या हॅण्डसेट स्टीलच्या पिठाच्या डब्यात झाकण लावून ठेवू लागल्या, झोपेत कुणी बाहेरून चोरून वापरू नये म्हणून. जानेवारीत एका दुपारी आनंदनं फोन लावला, लावतच राहिला, आणि मग घाबरून माझ्या शाळेत फोन केला. मी नववीचा वर्ग अर्धा टाकून रिक्षानं घरी आले, जिने चढले, दार बडवलं. आतून आवाज आला, "कोण?"

"बाई, मी आहे. दार उघडा."

"मी कोण? मी काल तुला वाटीतनं काय दिलं?"

मला धाप लागली होती, डोळ्यांत पाणी होतं. मी ओरडले, "शेंगदाण्याची चटणी." मग कडी निघाली. बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं, आत जाऊन पिठाचा डबा उघडला आणि म्हणाल्या, "दोन." मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पण दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि तो राग मी कुठं काढणार?

तो निघाला पुढच्या रविवारी. फोन नीट चार्ज होत नाही म्हणून बाईंनी मला बोलावलं होतं. हॅण्डसेटच्या तळाशी पत्र्याच्या दोन पट्ट्या असतात, त्यांवर पीठ बसलं होतं. मी त्या कोरड्या फडक्यानं पुसत बाल्कनीत उभी होते. बाई आत होत्या. तेवढ्यात फोन वाजला, आनंदच होता. आईकडे देऊ का म्हटलं तर म्हणाला, "थांबा, तुमच्याशीच बोलायचंय. खरं सांगा, जमतंय का तिला?"

खरं म्हणजे जमत होतं. दोन फोन चुकले होते, तेही पुस्तिकेपायी आणि माझ्या विज्ञानापायी. बाई स्वतःचं सगळं स्वतः करत होत्या. पण माझ्या डोक्यात शाळेतलं ते बोलणं होतं. मी म्हटलं, "नाही जमत. तुम्ही त्यांना घेऊन जा. तीनाची वाट कशाला बघता? हा संशय म्हणजे आता वयाचा आजार झालाय. उद्या काही झालं तर मी जबाबदार नाही. माझ्यामागं माझा संसार आहे." बोलता बोलता आनंदचा आवाज थोडा खाली बसला. मला वाटलं, बॅटरी उतरली. मी "जरा मोठ्यानं बोला" म्हणाले आणि पुढंही बोलत राहिले.

आत गेले तेव्हा बाई हॉलमध्ये खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर. चहा घेणार का म्हणाल्या. मी घेतला. चांगला झाला होता चहा.

त्यानंतर महिनाभर एकही फोन चुकला नाही. पहिल्या घंटीला उचलायच्या. जयंती पाच आठवड्यांवर आली होती, बाई तह जिंकणार हे दिसत होतं, आणि मीही मनातून निवळले होते. अशातच एका सकाळी खाली आनंदची गाडी उभी दिसली. मी वर धावले. दोन बॅगा भरून तयार होत्या, भिंतीवरची तसबीर चादरीत गुंडाळलेली होती. "आईनंच फोन केला, ये म्हणून," आनंद खूश होऊन सांगत होता. "मला तर खरंच वाटेना." तो बॅगा घेऊन खाली गेला. बाई दाराची पाटी स्क्रू ड्रायव्हरनं काढत होत्या.

मी म्हटलं, "अहो, पण दोनच झाले होते. तिसरा कुठं चुकला?"

बाईंनी पाटी पदराला पुसली. "त्या रविवारी मी हॉलमधला फोन उचलला होता. रिसीवरखालचं बटण बोटानं दाबून धरायचं, रिसीवर उचलायचा आणि मग बोट हळू सोडायचं. खट्ट आवाज होत नाय. जुनी सवय." लाज वाटली, अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"तू बोललीस ते बोललीस. माझ्या तोंडावर बोलली असतीस तर मी भांडले असते, आणि भांडून इथंच राहिले असते. पण मी एकटी राहणार ते कुणाच्या जिवावर? तुझ्याच ना? खाली तू आहेस म्हणून." मग म्हणाल्या, "मी आनंदचं ऐकायला उचलला होता गं. त्याचा शक होता मला. तुझा शक घ्यायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

मी पुण्याला फोन करत राहिले. दोनदा सुनेनं उचलला, आई झोपल्यात म्हणाली. तिसऱ्यांदा बाई आल्या. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं, माफी कशी मागायची ते, पण त्यांचा आवाज आला आणि मी नुसतं "बाई, मी" एवढंच म्हटलं. त्यांनीच विचारलं, "बरं चाललंय ना, मॅडम? घरचे कसे आहेत? शाळा कशी आहे तुमची?" मी सगळं बरं आहे म्हणून सांगितलं. बाराव्या मजल्यावर वारा छान येतो, असं त्या म्हणाल्या. पुढल्या थंडीत त्या गेल्या. तोवर मी आणखी चार-पाचदा फोन केला असेल. दर वेळी त्या माझ्याशी अगदी नीट बोलल्या, आणि दर वेळी मला मॅडमच म्हणाल्या.